नोलनला या आठवड्यात खेळवायचं का

ब्रॅडन्स फेरी गावच्या किराणा दुकानात अगदी मागच्या बाजूला मांसाचा काउंटर आहे, आणि त्यामागे लोरेन हुडाक उभी असते. हॅम कागदासारखं पातळ कापून घ्यायचं तर लोक ती कामावर असेल तेव्हाच येतात. दुसरी कुणी मशीनवर असली तर "परत येतो" म्हणून निघून जातात. पण अमेरिकन फुटबॉलच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर उजाडला की, मंगळवारी तिच्यापुढे जी रांग लागायची ती हॅमसाठी नसायची.

"अर्धा पाउंड दे. पातळ. आणि नोलनचा गुडघा कसाय?"

"बरा आहे."

"म्हणजे खेळवणार तू त्याला?"

"तुला काय करायचंय? तो माझ्या संघात आहे."

"या आठवड्यात तुझी गाठ माझ्याशी आहे ना, म्हणून विचारलं."

"मग दुखतोय गुडघा. फार दुखतोय. जा आता."

नोलन ब्रेनर हा लोरेनचा भाचा. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून ब्रॅडन्स फेरीतून तरुण पोरं बाहेर पडली ती कायमचीच. त्यांतला हा एकच असा, की ज्याला दर रविवारी सगळा देश टीव्हीवर बघायचा. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, जिथे गावची लग्नं लागतात आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात दर शुक्रवारी मासे तळले जातात, तिथे दारासमोरच त्याचा फोटो लावला होता. तो टाइट एंड होता. म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा गडी. अर्धा वेळ त्याने भिंत व्हायचं, समोरून येणारा दीडशे किलोचा माणूस छातीवर घ्यायचा. आणि उरलेल्या वेळात त्यानेच पळत सुटायचं, वळायचं आणि चेंडू झेलायचा.

नोलन अकरा वर्षांचा असताना लोरेनची बहीण जोअ‍ॅन कॅन्सरने गेली. बाप त्याआधीच टेक्सासला निघून गेला होता. पोरगा आला तो काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कपडे भरून. पहिला महिनाभर तो बोललाच नाही, नुसता खायचा. लोरेन आणि तिचा नवरा एड यांना मूलबाळ नव्हतं, आणि अशा पोराशी काय बोलावं हे दोघांनाही कळेना. मग एका रविवारी एडने टीव्हीवर सामना लावला आणि म्हणाला, "यातला कोण तुला आवडतो ते सांग, आपण त्याला घेऊ." एडचा फायर हॉल लीगमध्ये एक संघ होता. पोराने एका टाइट एंडकडे बोट दाखवलं. "हा. हा दोन्ही कामं करतो." त्या घरात तो पहिल्यांदा इतका बोलला.

फायर हॉल लीग म्हणजे गावातले दहाजण. दर ऑगस्टमध्ये हॉलमध्ये जमून पाळीपाळीने खरे खेळाडू निवडायचे आणि आपापला संघ फोनवर मांडायचा. मग दर आठवड्याला ठरवायचं, त्यातला कोण खेळवायचा आणि कोण बाकावर बसवायचा. रविवारी त्या खऱ्या खेळाडूने किती चेंडू झेलले, किती यार्ड पळाला, किती वेळा मैदानाच्या टोकाच्या चौकोनात चेंडू नेऊन टचडाउन केलं, त्यावर आपले गुण. जिंकणाऱ्याला एक वाकडातिकडा कप मिळतो, आणि वर्षभर बाकीच्यांना टोमणे मारण्याचा हक्क. एड वारला तेव्हा त्याची जागा लोरेनने घेतली. बिचारी विधवा आहे, दोन वर्षं चालवून घेऊ, असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं. दुसऱ्याच वर्षी कप तिच्या घरी गेला.

टाइट एंडचा हिशेब सगळ्यांत अवघड. बाहेरच्या बाजूने पळणाऱ्यांना दर सामन्यात ठरलेले चेंडू मिळतात. टाइट एंडला एका रविवारी नऊ, तर पुढच्या रविवारी एकसुद्धा नाही. आणि तो भिंत होऊन उभा राहतो त्याचे तर गुणच नाहीत. तासभर छातीवर मार खाल्ला तरी लीगच्या खात्यात शून्य. लोरेन म्हणूनच आधी समोरच्या संघाकडे बघायची. त्यांच्या मधल्या फळीत कोण आहे, कोण दुखावलाय, टाइट एंडच्या मागे धावताना कुणाची दमछाक होते. मग टाइट एंडच्या स्वतःच्या खऱ्या संघाकडे बघायची. त्यांची फळी कच्ची असेल तर टाइट एंडला मागे राखणीला ठेवतात, त्याला चेंडू कुठून मिळणार? आणि सगळ्यांत शेवटी हे, की मैदानाच्या टोकाशी आल्यावर चेंडू फेकणाऱ्याची नजर आधी कुणाला शोधते. एवढं सगळं ती मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, दुकानामागच्या पायऱ्यांवर बसून फोनवर बघायची.

भाचा म्हणून नोलनला सवलत नव्हती. सुरुवातीची वर्षं तो नुसती भिंतच होता, आणि ती त्याला सरळ बाकावर बसवायची. शनिवारी त्याचा फोन यायचा.

"मावशी, घेतलंस का मला उद्या?"

"या संघासमोर? नाही."

"सख्खी मावशी आहेस तू माझी."

"दोन चेंडू झेलून दाखव, मग नातं सांग."

तो मोठ्याने हसायचा. दोघांच्याही आठवड्यातला तो सगळ्यांत चांगला फोन असायचा.

त्या वर्षी नोलन अठ्ठावीस वर्षांचा होता आणि कधी नव्हे इतका खेळत होता. त्याच्या संघात नव्याने आलेला चेंडू फेकणारा संकटात सापडला की डोळे मिटून नोलनकडे फेकायचा. ऑक्टोबर लागेपर्यंत सगळ्या याद्यांमध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर होता. त्याचा करार त्याच हंगामात संपणार होता. पुढचा करार मोठा होईल असं सगळे म्हणत होते, आणि त्याच्या धंद्यात अठ्ठावीसनंतर मोठे करार होत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या मध्याच्या एका रविवारी फायर हॉलमध्ये नेहमीची मंडळी बसली होती. मोठ्या भांड्यात कोबी आणि नूडल्स लोण्यात शिजत होत्या. सामना संपायला थोडा वेळ असताना नोलन आडवा धावत टोकाच्या चौकोनात शिरला आणि त्याने हवेत उडी मारून चेंडू झेलला. त्याच क्षणी दोन बाजूंनी दोघे येऊन त्याच्यावर आदळले. तो पाठीवर पडला, डोकं मागे जाऊन जमिनीवर आपटलं. चेंडू मात्र सुटला नाही. टचडाउन.

हॉलमध्ये एकच गलका झाला. लीग चालवणारा स्टॅन युरिक, जन्मभर स्कूलबस चालवून निवृत्त झालेला माणूस, लोरेनच्या पाठीवर थापा मारत म्हणाला, "घे. जिंकलीस. आज माझं वाटोळं केलं तुझ्या पोराने."

लोरेन पडद्याकडे बघत होती. नोलन गुडघ्यांवर उठून बसला होता आणि तळहाताने गवत चाचपत होता. चष्मा पडलेला माणूस चाचपतो तसा. एका सहकाऱ्याने त्याला दंडाला धरून उठवलं, आणि पडद्यावर जाहिरात लागली.

नंतर टीव्हीवर सांगितलं की त्याला तपासलं आणि तो ठीक आहे. तो परत खेळलासुद्धा. लोरेनने स्वतःला समजावलं की ती म्हातारी होत चाललीय आणि तिला नको ते दिसतं.

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बारीक होता.

"कुठे आहेस तू? घुमतंय."

"गॅरेजमध्ये बसलोय. इथे उजेड कमी आहे. मागची पायरी दुरुस्त करून घेतलीस का?"

"घेतली. स्टॅनच्या जावयाने करून दिली."

थोडं इकडचं तिकडचं झालं. दुकानातलं, तिथे गल्ल्यावर असणाऱ्या पेगीच्या मुलीच्या लग्नाचं. मग तो म्हणाला, "मावशी, ती मागची पायरी दुरुस्त करून घे बरं का. पडशील एखाद्या दिवशी."

"नोलन," ती म्हणाली, "तू डॉक्टरला दाखवलंस ना?"

"दाखवलं. पास झालो. मैदानातच प्रश्न विचारतात, दिली उत्तरं."

"आणि आता?"

"थोडं दुखतं डोकं. सगळ्यांचंच दुखतं. तू कुणाला बोलू नकोस. जानेवारीत हंगाम संपेपर्यंत निभवायचंय फक्त. एकदा सही झाली की वाटेल तेवढा आराम करीन."

"असं कसं—"

"शब्द दे मला."

तिने दिला. तो लहान असल्यापासून त्याने कशासाठी हट्ट असा धरलाच नव्हता, आणि म्हणूनच बहुधा तिला नाही म्हणता आलं नाही.

मंगळवारी स्टॅन काउंटरवर आला. त्याला हॅम नको होतं. "अदलाबदल करतेस?" तो म्हणाला. "नोलन मला दे. माझा पळणारा घे, पहिल्या नंबरचा. वर आणखी एक देतो."

सौदा इतका चांगला होता की एरवी तिने स्टॅनचं डोकं तपासायला सांगितलं असतं. पण तिला ठाऊक होतं ते स्टॅनला ठाऊक नव्हतं, आणि हा सौदा करणं म्हणजे त्याला सरळ फसवणं. शिवाय तिचं तिलाच घृणास्पद वाटलं की असा विचार क्षणभर का होईना, डोक्यात येऊन गेला.

"नको," ती म्हणाली.

"अगं, तुझाच फायदा आहे. बघ तरी नीट."

"स्टॅन, मागे लोक उभे आहेत."

त्या आठवड्याचा हिशेब तिने केला तेव्हा सगळी उत्तरं एकच आली. समोरच्या संघाची मधली फळी दुखापतींनी खिळखिळी झालेली, टाइट एंडसमोर ती सगळ्यांत दुबळी. नोलनची स्वतःची फळी भक्कम, म्हणजे त्याला राखणीला थांबायला नको. सगळ्या जाणकारांच्या यादीत तो पहिला. कुणीही डोळे झाकून खेळवला असता.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर तिने फोन उघडला, नोलनचं नाव उचललं आणि बाकावर ठेवलं. त्याच्या जागी कुठल्याशा संघाचा, आठवड्याला दोन चेंडू झेलणारा एक गडी घातला. तिने काही ठरवून केलं नाही. झेल म्हटला की झेलणारा पडणार, हे आता तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, आणि त्या पडण्याचे गुण आपल्या नावावर चढावेत हे तिला सोसवेना, इतकंच. संघ सगळ्यांना दिसतो, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तर पेगी डोलन गल्ला सोडून थेट मागे आली. पेगी लीगमध्ये आठव्या नंबरवर होती आणि दुसऱ्यांच्या संघांवर तिची बारीक नजर असे.

"काय गं, बोट चुकलं का तुझं? नोलन बाकावर दिसतोय."

"नाही चुकलं."

"या संघासमोर? तू? बरं नाही का त्याला?"

"बरा आहे. मला वाटलं म्हणून."

"तुला कधीपासून वाटायला लागलं? तू तर आकडे बघतेस."

लोरेनने मशीन सुरू केलं. मशीन सुरू असताना बोलता येत नाही, हे पेगीलाही माहीत होतं. ती गल्ल्यावर परत गेली आणि लोरेनला तिथून ती फोनवर काहीतरी लिहिताना दिसली. दुपारपर्यंत ती बातमी नोलनच्या संघाच्या चाहत्यांच्या पानावर पोचली होती: त्याला वाढवणाऱ्या मावशीनेच त्याला बाकावर बसवलाय, तिला काहीतरी माहीत असणार. तिसऱ्या प्रहरी रेडिओवरच्या एका माणसाने ते हसत हसत सांगितलं.

नोलनचा फोन आला तेव्हा ती गाडीत बसत होती.

"काय केलंस हे?"

"नोलन, मी कुणाला काही बोलले नाही."

"बोलायची गरज काय होती? कोचने मला बोलावून विचारलं. सगळ्यांसमोर. तुझी मावशी तुला का खेळवत नाही म्हणून." त्याचा श्वास लागला होता. "मला परत घाल संघात. आत्ता. थट्टा होती म्हणून सांग."

"तुझं डोकं दुखतंय का अजून?"

"मावशी, हात जोडतो तुला. माझं सगळं जाईल."

तिने गाडीतच बसून त्याला परत संघात घातला. पेगीला निरोप लिहिला की तुमची सगळ्यांची गंमत केली. पेगीने उलट हसरे चेहरे पाठवले.

रविवारी ती फायर हॉलला गेली नाही. घरी बैठकीच्या खोलीत, कोट न काढताच, उभ्याने सामना बघितला. नोलनने नऊ चेंडू झेलले. प्रत्येक झेलाला टेबलावरचा फोन थरथरायचा आणि तिचे गुण वाढायचे. तिची नजर मात्र तो उठतो कसा यावर. पाचव्या झेलानंतर तो उठला आणि क्षणभर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा राहिला. शेवटचा झेल एका हाताचा होता; समालोचक तो पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. लीगमध्ये त्या आठवड्यात इतके गुण कुणाचेच नव्हते. स्टॅनने निरोप पाठवला, "गंमत करतेस आणि वर चोपतेस."

संध्याकाळी नोलनचा फोन आला. खूश होता.

"बघितलास का शेवटचा? एका हाताने?"

"बघितला."

"मी पण आत्ताच टीव्हीवर बघितला. भारी होता. मला वाटलं, कोण आहे हा." तो हसला.

लोरेन खुर्चीवर बसली. "तुला आठवत नाही तो," ती म्हणाली.

"आठवतो की."

"त्याच्या आधी कुणी कुठला चेंडू फेकला, सांग."

तो म्हणाला, "मावशी, आज नको. आज मला चांगलं वाटतंय," आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात रजा टाकली आणि उजाडताच निघाली. सहा तासांचा रस्ता. तिने वाटेत एकदाच गाडी थांबवली. नोलनने दार उघडलं ते डोळ्यांवर हात धरून. घरात सगळे पडदे ओढलेले. खिडक्यांच्या फटींत त्याने टॉवेल खुपसले होते.

"का आलीस?"

"जेवलास का?"

"मावशी, का आलीस?"

ती स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडला, आतला दिवा त्याच्या डोळ्यांवर पडताच त्याने तोंड फिरवलं, म्हणून तिने तो बंद केला. मग उभ्याउभ्याच म्हणाली, "बुधवारी सरावाला गेलास की डॉक्टरला सगळं सांग. सांगशील ना?"

"आणि मग? मला बसवतील. आठवडाभर, दोन आठवडे, कदाचित पूर्ण हंगाम. मी अठ्ठावीसचा आहे. माझ्या जागी बावीस वर्षांचा एक तयार उभा आहे, मी पडायची वाट बघत." तो सोफ्यावर बसला. "तुला वाटतं मला कळत नाही? सगळे दर आठवड्याला माझं माप काढतात. कोच, ऑफिस, रेडिओवाले. तूसुद्धा मंगळवारी बसून काढतेस. नोलनला या आठवड्यात खेळवायचं का. आता पहिल्यांदा माझं उत्तर हो येतंय सगळीकडून."

"हो, मीसुद्धा काढलं," ती म्हणाली. "काल नऊ झेलांचे गुण मिळाले मला. घरात बसून घेतले. मला रात्री झोप लागली नाही, नोलन."

"तुला कुणी सांगितलं घ्यायला?"

"तूच सांगितलंस."

तो तसाच बसून राहिला, डोकं दोन्ही हातांत धरून. लहानपणी तो असा बसला की एड त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि काही बोलायचा नाही. लोरेनला ते कधी जमलं नव्हतं.

"बुधवारपर्यंत तू सांग," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन."

त्याने मान वर केली. "तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"तू सांगितलंस, तर इथे पुन्हा येऊ नकोस."

ती निघाली. परतीच्या वाटेवर तिने रेडिओ लावला नाही. घरी पोचेपर्यंत अंधार पडून गेला होता.

त्याला बुधवारपर्यंतची मुदत तिनेच दिली होती. पण मंगळवारी काउंटरवर पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "काय गं, या रविवारी पण नऊ झेलणार का आपला?" आणि तिचा हात मशीनवरून घसरला. पातं हातमोज्याला चाटून गेलं. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि पायऱ्यांवर बसून तिने संघाच्या ऑफिसचा नंबर लावला. इकडून तिकडे देत देत शेवटी एका बाईने विचारलं, आपलं काय काम होतं?

"मी नोलन ब्रेनरची मावशी. त्याला परवाच्या सामन्यातलं आठवत नाहीये. उजेड सहन होत नाही. डॉक्टरांना सांगा."

"आपलं नाव?"

तिने सांगितलं. "निरोप पोचवते," ती बाई म्हणाली. आवाजावरून काही कळलं नाही.

बुधवारी तो सरावाला उतरला नाही. गुरुवारी बातमी आली की डोक्याच्या दुखापतीमुळे तो बाहेर आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्याला हंगामभरासाठी बाजूला ठेवलं. बावीस वर्षांचा तो मुलगा त्याच्या जागी उतरला आणि वाईट खेळला नाही.

गावात आधी सगळे हळहळले. मग कुठूनतरी, बहुधा पेगीनेच दुवे जोडले म्हणून, लोकांना कळलं की लोरेन सोमवारी तिकडे गेली होती आणि बुधवारी हे झालं. लीगच्या बैठकीत पेगीने तक्रार केली की लोरेनला आतली बातमी होती, तरी तिने ती लपवून त्या रविवारचे गुण घेतले. ते परत घ्यावेत. लोरेन म्हणाली, "घ्या. सगळे घ्या." तिने संघच सोडून दिला. स्टॅन तिच्याबरोबर बाहेर गाडीपर्यंत आला.

"मी सौदा मागितला तेव्हाच तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"द्यायचास मला. मी त्याला खेळवलाच असता, आणि तुला पहिल्या नंबरचा गडी मिळाला असता." त्याने टोपी काढून परत घातली. "नाही दिलास ते बरं केलंस. पण लोरेन, गावातून एकच पोरगा वर गेला होता गं."

तिला ते पेगीच्या तक्रारीपेक्षा जास्त लागलं. त्या हिवाळ्यात काउंटरवरची मंगळवारची रांग बंद झाली. लोक हॅम घ्यायचे, पैसे द्यायचे, हवेबद्दल बोलायचे. काहीजण दुसरी मुलगी कामावर असेल तेव्हाच यायला लागले.

नोलनने फोन केला नाही. नाताळात तिने अक्रोडाचा रोल आणि स्वेटर पाठवला. पार्सल पोचल्याचा निरोप कंपनीकडून आला, त्याच्याकडून नाही. मार्चमध्ये करार संपला. संघाने नवा दिला नाही, आणि दुसऱ्या कुणी विचारलं नाही. हे तिला टीव्हीवरून कळलं.

एप्रिलच्या सुरुवातीला, पानं फुटायच्या आधीच्या चिखलाच्या दिवसांत, तो आला. गाडी अंगणात उभी केली आणि दोन बॅगा घेऊन जिन्याने सरळ वर त्याच्या जुन्या खोलीत गेला. लोरेनने बटाट्याच्या करंज्या उकडून कांद्यात परतल्या. तो खाली आला, खाल्लं, ताट विसळून ठेवलं. तीन-चार दिवस असेच गेले. डोकं आता रोज दुखत नाही, एवढं त्याने सांगितलं. पिट्सबर्गच्या डॉक्टरकडे पंधरवड्यातून एकदा जायचं होतं. तिने नेईन म्हटलं, तो बरं म्हणाला.

पहिल्या खेपेला परत येताना, नदीवरच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी स्वतः सांगितलं, माहीत आहे तुला?"

"काय?"

"बुधवारी सकाळी गेलो डॉक्टरकडे. सराव सुरू व्हायच्या आधी. कपडेसुद्धा बदलले नव्हते. तू बोललीस त्यावर रात्रभर विचार केला आणि गेलो. तुला फोन करून सांगायचं होतं, पण मग... राग होता."

लोरेनने स्टिअरिंग घट्ट धरलं. पाच महिने ती एकच गोष्ट उराशी घेऊन बसली होती, की हे आपण केलं. आता गप्प बसली असती तर त्याला कधी कळलंच नसतं.

"मी मंगळवारी फोन केला होता," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसला."

तो वळला. "मंगळवारी?"

"हो."

"बुधवार म्हणाली होतीस तू."

"म्हणाले होते."

"माझ्या आधी केलास." त्याने पुन्हा बाहेर बघितलं. "म्हणजे डॉक्टरला आधीच माहीत होतं. तो मला म्हणाला, शाबास, हिंमत लागते याला. त्याच्या टेबलावर तुझा निरोप असणार तेव्हा."

"पोचला होता की नाही, मला माहीत नाही, नोलन."

"एक दिवस थांबली असतीस."

पुढच्या गाड्या हलल्या. ती हळू हळू पूल ओलांडून आली. घरी पोचल्यावर तो गाडीतून उतरला आणि आत न येता नदीच्या दिशेने चालत गेला. तिने त्याला हाक मारली नाही. जेवायच्या वेळेला तो परत आला, बूट दारात काढले आणि खुर्ची ओढून बसला.

"मीठ दे," तो म्हणाला.

तिने दिलं. त्यानंतर त्या मंगळवारबद्दल दोघे कधी बोलले नाहीत.

ऑगस्टमध्ये स्टॅन विचारायला आला, तुझी जागा अजून रिकामी आहे, येतेस का. ती नाही म्हणाली. नोलनला शाळेच्या मैदानाची देखभाल करायचं काम मिळालंय. उन्हात त्याला काळा चष्मा लागतो. रविवारी तो सामने बघत नाही, गळ घेऊन नदीवर जातो. लोरेन टीव्ही लावते, आवाज अगदी बारीक ठेवून, आणि तो आला की बंद करते. त्याचा जुना संघ जिंकला की हरला हे तो कधी विचारतो, कधी नाही. विचारलं तर ती सांगते.